तू कुणाची गं?

मे महिन्यातलं लग्न. कळंबच्या पुढं, सडकेला लागून असलेल्या पत्र्याच्या मंगल कार्यालयात कुलर फिरत होते, पण टाक्यांत पाणी नव्हतं. गरम वारा नुसता इकडचा तिकडं होत होता. वऱ्हाडाची, गड्यांची, मग पाहुण्या बायकांची अशा पंगती उठल्या आणि शेवटी आम्ही घरच्या बसलो. पुरी, वांग्याची भाजी, वरण-भात, बुंदी आणि भांड्याच्या तळाला राहिलेला मठ्ठा. बुंदीची बादली घेऊन आली ती माझी चुलतमावशी. तिला सगळे अक्काच म्हणतात. अक्काच्या वाढण्याची भावकीत ख्याती आहे. पत्रावळीवर हात आडवा धरला तर ती हातावरच बुंदी घालते आणि वर म्हणते, 'एवढ्यानं काय होतंय गं, बघ किती वाळलीस.' माझ्या डावीकडं बसलेल्या जावेला तिनं तसंच केलं. मग माझ्यापुढं आली, एक पळी टाकली, माझ्याकडं न बघता पुढं सरकली आणि उजवीकडच्या बाईशी तीच झटापट पुन्हा सुरू केली. दुसऱ्या फेरीलाही तेच. मला बुंदी फार आवडते असंही नाही. तरी ती एक पळी पुढं कितीतरी दिवस मनातून जाईना.

आमच्याकडं भांडायला तोंड उघडावं लागत नाही. आग्रह थांबतो.

कारण मला ठाऊक होतं. आदल्या पावसाळ्यात तालुक्याच्या शालेय खो-खो स्पर्धेत, 17 वर्षांखालच्या मुलींच्या अंतिम सामन्यात मी पंच होते आणि अक्काची नात पळत होती. शेवटची पाळी, समोरच्या संघाला जिंकायला आणखी एकच गडी बाद करायचा, आणि ही पोरगी खुंटाच्या आजूबाजूला अशी काही खेळत होती की बाहेर दोरीला टेकलेले लोक बोलायचे थांबले होते. हूल द्यायची, खाली वाकायची, सटकायची. घड्याळात मिनिटभरसुद्धा उरलं नव्हतं. मग एका वळणावर मागून येणाऱ्या पोरीच्या बोटांची टोकं हिच्या पाठीला टेकली. आवाज नाही, धक्का नाही, कुणी पडलं नाही. मी शिट्टी दिली. ती जागच्या जागी थांबली आणि माझ्याकडं बघत राहिली. दोरीमागून तिचा बाप, म्हणजे नात्यानं माझा भाऊच, ओरडला, 'ओ मॅडम, बघून तर द्या!' राखी पौर्णिमेला माझ्याकडून राखी बांधून घेणारा, मला जन्मभर 'अगं तायडे' म्हणणारा माणूस. गलका झाला, त्यांचे सर आत आले, सरपंचांनी, म्हणजे सामन्याच्या मुख्य पंचांनी, त्यांना बाहेर काढलं, सामना संपला. तिचा संघ एका गुणानं हरला.

ज्या भागात आपण राहतो तिथं माणूस कुणाचाच नसतो, हे कुणाला पटत नाही. एसटीत शेजारी म्हातारी बसली की पहिला प्रश्न, 'तू कुणाची गं?' मग माहेर कोणतं, आडनाव काय, तुमच्या त्या अमक्या तात्यांची कोण. चौथ्या प्रश्नाला ती तुमच्या आजोबांनी कोणत्या साली कुणाला रान विकलं ते सांगते आणि उतरताना पिशवीतली दोन केळी हातावर ठेवते. ही चौकशी मला कधी खुपली नाही. या चौकशीवर इथली माणसं तगली आहेत. दुष्काळात कुणाच्या विहिरीवर जायचं, दवाखान्यात कुणाकडं डबा सांगायचा, सगळं त्यातूनच ठरतं. पण मैदानावर पंच पांढऱ्या कपड्यात उभा राहतो आणि म्हणतो की नऊ-नऊ मिनिटांच्या चार पाळ्या, एवढी 36 मिनिटं मी कुणाचा नाही. दोरीच्या बाहेरचे दोनशे लोक त्याच वेळी आपसात ठरवत असतात की तो नेमका कुणाचा आहे. सामना संपल्यावर निकालाशी जुळवून उत्तर पक्कं होतं.

मी स्वतः खेळले ती काळ्या रानाच्या कडेला, मुरूम टाकून बसवलेल्या मैदानावर. आमच्याकडची काळी माती खेळाला नालायक. पावसात पायाला किलोभर चिकटते, उन्हाळ्यात तिला घोटा जाईल एवढ्या भेगा पडतात. म्हणून डोंगराकडून मुरूम आणायचा, पाणी मारायचं, धुम्मस करायची, मग सुतळी ताणून फक्कीनं, म्हणजे पांढऱ्या भुकटीनं, पाट्या आखायच्या. फक्कीचा तो कोरडा, नाकात जाणारा वास अजूनही आला की माझ्या पोटात गोळा येतो. 27 मीटर लांब, 16 मीटर रुंद, दोन्ही टोकांना सव्वाशे सेंटिमीटरच्या आतबाहेरचे दोन खुंट. खुंट गावच्या सुतारानं बाभळीचे करून दिले होते आणि त्यांना गवसणी घालायला लागू नये म्हणून रंध्यानं इतके गुळगुळीत केले होते की पहिल्या दिवशी पोरी नुसता त्यांच्यावर हात फिरवत होत्या. बूट कुणाकडंच नव्हते. गुडघ्याला आईच्या जुन्या लुगड्याची पट्टी. या खेळाला पैसा लागत नाही, म्हणून तो आमच्याकडं रुजला, असं सगळे म्हणतात आणि ते खरंच आहे. पण आणखी एक गोष्ट मला दिसते. या खेळात वेळेचा अर्धा भाग बसण्यात जातो. पाटीवर उकिडवं बसायचं, एकीचं तोंड इकडं, दुसरीचं तिकडं, आणि पाठीमागून कुणीतरी 'खो' म्हणेपर्यंत उठायचं नाही. आमच्या पोरींना हे कुणी शिकवावं लागत नव्हतं.

धाराशिवच्या सारिका काळेला 2020 साली अर्जुन पुरस्कार मिळाला तेव्हा आमच्या शाळेत पेपरचं कात्रण फळ्याच्या बाजूला चिकटवलं होतं. 2025 च्या जानेवारीत दिल्लीत पहिला खो-खो विश्वचषक झाला आणि आपल्या पोरींनी नेपाळला 78-40 असं हरवलं, तेव्हा संघात धाराशिवची अश्विनी शिंदे होती आणि कर्णधार प्रियांका इंगळे मूळची बीड जिल्ह्यातली. पोरींना त्या सामन्यातला एकेक सूर पाठ आहे. त्या सामन्याला पंच कोण होते, हे मी वर्गात विचारलं. कुणाला सांगता आलं नाही. मी हसले. मलाही ते नंतर मोबाइलवर शोधावं लागलं होतं.

पंच होण्याचं माझ्या डोक्यात नव्हतं. लग्न झालं, नोकरी लागली, गुडघा कुरकुरायला लागला, आणि आमचे जुने क्रीडाशिक्षक एका स्पर्धेत म्हणाले, 'टेबलावर बस, गुणलेखकाला माणूस नाही.' तिथून सुरुवात. गुणपत्रक भरणं हे बाहेरून कारकुनी वाटतं, पण खो-खो मला त्या कागदावर नव्यानं कळला. कोण किती मिनिटं पळाली, कुणी कुणाला टिपलं, तिघींची कोणती तुकडी कधी आत आली, हे सगळं एका रकान्यातून दुसऱ्या रकान्यात उतरवताना दिसायला लागतं की टाळ्या एकीला मिळतात आणि सामना दुसरीनं फिरवलेला असतो. तिथून वेळाधिकारी. मग एकदा मैदानात एक पंच कमी पडला म्हणून हातात शिट्टी आली. माझी आजी जिवंत असती तर तिनं ती काढून घेतली असती. पोरींनी शिट्टी वाजवली की घराला अवदसा लागते, अशी तिची खात्री होती. आम्हा बहिणींना तोंडानं शिट्टी मारल्याबद्दल पाठीत धपाटे मिळालेले आहेत. पहिल्यांदा मैदानावर फुंकली तेव्हा शिट्टीत हवा कमी आणि थुंकी जास्त होती. दोरीमागून एक म्हातारा म्हणाला, 'बाईमाणूस शिट्टी फुंकतंय बघा,' आणि त्याच्या शेजारच्यानं त्याला गप्प केलं. गप्प करणारे माझे सासरे होते, हे मला घरी गेल्यावर कळलं.

मग राज्य संघटनेची पंच परीक्षा. लेखी, तोंडी आणि मैदानावरची. शिक्षक माणसाला पेपर काढायची सवय असते, द्यायची नसते. रात्री घरातलं सगळं आवरून मी ओट्यावरच नियमांचं पुस्तक उघडायची. 1914 साली पुण्याच्या डेक्कन जिमखान्यावर या खेळाचे नियम बसवायला घेतले, आणि तेव्हापासून ते बदलत आले आहेत, त्यामुळं मी खेळाडू म्हणून जे पाठ केलं होतं त्यातलं निम्मं पुसून काढावं लागलं. तोंडी परीक्षेला समोरच्या बाईंनी विचारलं, 'फाऊल चालू असताना गडी टिपला तर?' 'बाद नाही.' 'आणि फाऊल झाल्यावर तुम्ही काय करणार?' 'तो सुधारेपर्यंत शिट्टी वाजवत राहणार.' 'प्रेक्षक शिव्या द्यायला लागले तर?' मी जरा थांबले. त्या म्हणाल्या, 'तेच उत्तर आहे, तरी वाजवत राहायचं.' हे पुस्तकात नव्हतं.

पंच काय बघतो, हे लोकांना सांगितलं तर त्यांचा विश्वास बसत नाही. सगळं मैदान पळणारीकडं बघत असतं. पंच पाठलाग करणारीच्या टाचा बघत असतो. दोन खुंटांना जोडणारी, पोरी बसतात ती मधली पाटी 30 सेंटिमीटर रुंद. दोन पंच तिच्या दोन बाजूंना, आपापला अर्धा भाग सांभाळत लॉबीबाहेरून, म्हणजे मैदानाच्या कडेच्या मोकळ्या पट्टीबाहेरून, सरकत राहतात. तिचा पाय पाटीला लागून फाऊल झाला का. तिनं खो दिला तो मागून दिला का. बसलेली आधी उठली का. आणि खांदे. खांद्याची रेषा एकदा वळली की तिची दिशा ठरली, आता खुंट मागं टाकेपर्यंत परत फिरायचं नाही. सुंदर पळणाऱ्या पोरीला सुंदर पळताना बघण्याचं सुख पंच झाल्यावर जातं. मला ते फार जाणवतं. एखादी आकाशीय सूर मारते, अख्खं मैदान 'आहा' करतं, आणि मी मात्र तिनं सूर मारायच्या आधी डावा पाय कुठं होता एवढंच पाहिलेलं असतं.

मुरमाच्या मैदानावर एक बरं असतं. पाय पडला की फक्की विस्कटते, पुरावा राहतो. त्याचा उलटा त्रास असा की दोन मिनिटांनी दुसऱ्याच कुणाच्या पायानं विस्कटलेली फक्की दाखवायला संघाचे सर धावत येतात. आता मोठे सामने मॅटवर. 2022 साली बालेवाडीत अल्टिमेट खो-खो लीग सुरू झाली, ती आम्ही घरात टीव्हीवर बघितली. त्यात 'वझीर' नावाचा गडी आला, आणि तो म्हणे कोणत्याही दिशेला वळू शकतो. मी सोफ्यावर बसून पहिल्या सामन्यात दोनदा नकळत तोंडानं शिट्टीचा आवाज काढला. घरातले हसले. चांगलाच वेगवान खेळ आहे तो, पोरांना आवडतो, आणि एकच पाय चार बाजूंनी पुन्हा दाखवतात म्हटल्यावर पंचाला कुणी गाव विचारत नाही. मला त्याचा हेवा वाटतो आणि वाटतही नाही.

कारण पायऱ्या चढताना एक गोष्ट कुणी मला आधी सांगितली नव्हती. तालुका, जिल्हा, विभाग, राज्य असं वर जावं तसं काम अवघड होत जाईल, अशी माझी समजूत होती. झालं उलटं. पहिल्यांदा राज्य पातळीवरच्या सामन्याला दूरच्या शहरात उभी राहिले तेव्हा खेळ कितीतरी वेगवान होता, पोरी आमच्या पोरींच्या दुप्पट चपळ होत्या, पण मी हलकी होते. त्या मैदानावर मला कुणी ओळखत नव्हतं. मी दिलेला निर्णय तिथंच राहणार होता, माझ्यामागं घरी येणार नव्हता. बाद दिलेल्या पोरीच्या आईला मी पुढच्या आठवड्यात बाजारात भेटणार नव्हते. रात्री पंचांच्या खोलीत आम्ही चौघीजणी पाय वर करून पडलो होतो, कुणी कोल्हापूरकडची, कुणी ठाण्याची, आणि सगळ्या आपापल्या तालुक्याच्या गोष्टी सांगत होत्या. राज्याच्या सामन्याबद्दल कुणाकडं सांगण्यासारखं काही नव्हतं.

तालुक्याला काय होतं ते सांगते. एका गावात स्पर्धा होती. गाव यजमान, गावचाच संघ अंतिम फेरीत. सामना सुरू व्हायला दहा मिनिटं असताना आयोजकांच्या घरातल्या वहिनी हातात ताट घेऊन थेट मैदानात आल्या. ताटात हळदी-कुंकू, नारळ, तांदूळ, हिरवा ब्लाउजपीस. पुरुष पंचांना टॉवेल-टोपी देऊन झाली होती, बाई पंच आलीय म्हटल्यावर तिची ओटी भरायलाच हवी. माईकवरून घोषणासुद्धा झाली. समोरच्या संघाच्या पोरी पायाला पट्ट्या बांधत होत्या, त्यांनी हातातलं काम थांबवून माझ्याकडं बघायला सुरुवात केली. आता काय करावं? ओटीला नाही म्हणणं हे आमच्याकडं बाईच्या तोंडातून निघत नाही. ती वहिनीही काही डाव टाकायला आली नव्हती. ऊन लागू नये म्हणून डोक्यावर पदर ओढून, नवी साडी नेसून आली होती. मी म्हटलं, 'वहिनी, सामना झाला की भरा, आत्ता कुंकू तेवढं लावा.' तिचा चेहरा उतरला. गर्दीत कुजबुज झाली. कुंकू लावून मी आत गेले आणि पुढं मला गर्दीच्या प्रत्येक आवाजात त्या ताटाचा हिशोब ऐकू येत राहिला. गावाच्या पोरी हरल्या. त्यात माझ्या अर्ध्या भागात मी दिलेले दोन फाऊल होते, दोन्ही सरळ. मी गुणपत्रकावर सही करून पाण्याची बाटली उचलत होते तर वहिनी तशीच ताट घेऊन आली. 'आता तरी घ्याल का?' पदर पसरला. नारळ, तांदूळ, ब्लाउजपीस. तिनं वाकून माझ्या कानात विचारलं, 'आमच्या पोरींचं नेमकं काय चुकलं ओ?' आणि मी तिथंच उभ्या उभ्या तिला खांद्याची रेषा समजावून सांगितली. ती मान हलवत ऐकत होती. तिची मुलगी संघात होती हे तिनं सगळ्यात शेवटी सांगितलं.

आमचे ते जुने क्रीडाशिक्षक या भानगडींतून वेगळ्या पद्धतीनं सुटायचे. स्पर्धेच्या गावी कुणाचा चहा घ्यायचे नाहीत. घरून डबा, घरून पाणी, एसटीत कंडक्टरच्या शेजारची जागा, म्हणजे कुठल्या संघाच्या पोरांना उठून जागा द्यायची संधीच नको. लोक त्यांना आखडू म्हणायचे. मराठवाड्यात चहाला नाही म्हणणारा माणूस एक तर आजारी असतो किंवा माजलेला. आजारी नाहीत हे सगळ्यांना दिसत होतं. ते निवृत्त झाल्यावर मी त्यांना एकदा विचारलं की एवढं ताणायची गरज होती का. ते म्हणाले, 'चहानं मी कुणाच्या बाजूला झुकलो नसतो. पण नंतर घरी जाऊन झोप आली नसती, झुकलो तर नाही ना, म्हणून.' मी मात्र चहा घेते. दोन्ही संघांकडचा घेते. पित्त होतं.

आता त्या सामन्याकडं. अक्काच्या नातीला बाद देताना माझ्या हातात काय होतं हे मला माहीत नव्हतं असं नाही. जिल्ह्याला गेली असती तर विभागाला, विभागाला चमकली असती तर राज्याच्या निवडीला. राज्याचं, देशपातळीचं प्रमाणपत्र म्हणजे दहावी-बारावीला वाढीव गुण, पुढं सरकारी नोकरीत खेळाडूंच्या 5 टक्क्यांतून एक दार. आमच्याकडं पोलीस भरतीचं मैदान मारणाऱ्या पोरी बघा, निम्म्या खो-खोच्या नाही तर कबड्डीच्या. आणि नोकरी फार लांबची गोष्ट. त्याआधी घरातून आणखी दोन वर्षं मिळतात. 'पोरगी राज्याला खेळते' हे वाक्य स्थळ आणणाऱ्या माणसाला दारातून परत पाठवायला बापाला कामाला येतं. हे सगळं त्या बोटाच्या टोकावर होतं. अक्काला ते ठाऊक होतं, मलाही होतं.

पण बोट ज्या पोरीचं होतं तिचंही घर मला माहीत होतं, कारण ती माझ्याच केंद्रातल्या शाळेतून पुढं गेलेली. आईबाप ऊसतोडीला. दसरा झाला की कोयता घेऊन कारखान्यावर, ते चैत्रापर्यंत. मागं आजी, दोन शेळ्या आणि ही. मागच्या हंगामात तिलाही न्यायचं ठरलं होतं, स्वयंपाकाला आणि धाकट्या भावाला सांभाळायला. शाळेचे सर घरी जाऊन बसले, 'खेळात आहे ती, राहू द्या' म्हणाले, म्हणून राहिली. तिच्या बाजूनं दोरीमागून ओरडायला त्या दिवशी कुणी नव्हतं. तिनं शिट्टी ऐकली, हात वर केला आणि लगेच खाली बसली, दम लागला होता म्हणून. मी तिच्याकडं बघून शिट्टी दिली नाही. अक्काच्या नातीकडं बघूनही दिली नाही. मी टाचा बघत होते, टाच पाटीच्या बाहेर होती, मग नजर वर नेली तर बोटं पाठीला. एवढंच. त्या क्षणाला या दोघींच्या घरांची मला आठवणसुद्धा नव्हती, आणि हेच मला कधीकधी रात्री बरं वाटत नाही. दोन पोरींची आयुष्यं समोर पळतायत आणि आपण तीस सेंटिमीटरची पाटी बघतोय. दुसरं काही बघायचं नाही, असं ठरवूनच तर तिथं उभं राहतो आपण. तरी.

लग्नातल्या त्या पंगतीनंतर हात धुवायला मागच्या नळावर गेले तर नातच तिथं पाणी घालायला तांब्या घेऊन उभी. उंच झालीय. माझ्या हातावर पाणी घालता घालता म्हणाली, 'आत्या, एक विचारू? त्या दिवशी तिचा पाय मधल्या पाटीवर होता का?'

'नव्हता. एवढा लांब होता,' मी ओल्या हाताचं पंजाभर अंतर करून दाखवलं.

'मला वाटलं होतं असंल. म्हणून मी तुमच्याकडं बघत होते.' म्हणजे स्पर्श तिला कळला होता. ती फाऊलच्या शिट्टीची वाट बघत होती. मी मैदानावरची तिची ती नजर इतके महिने वेगळीच वाचत होते. 'यंदा 19 खाली खेळणार,' ती म्हणाली. 'खुंटापाशी मी डावीकडंच जास्ती वळते, असं सर म्हणतात. खरंय का?' खरं होतं. तसं मी सांगितलं असतं तर ते पंचाचं काम नव्हतं, आत्याचं होतं. मी आजूबाजूला बघितलं आणि सांगितलं. मग मला वाटलं, यंदा हिच्या सामन्याला मी उभी राहिले तर? आणि मग वाटलं, ऊसतोडीच्या पोरीला हे कुणी सांगितलंय का? लग्नघरात अंगाला हळदीचा वास आणि डोक्यात हा गोंधळ. पुढच्या आठवड्यात त्या पोरीच्या शाळेत केंद्राच्या कामाला जाणं झालं तेव्हा मी तिलाही बोलावून घेतलं. तिची खोड वेगळी आहे, ती खो देताना आवाज गिळते. सांगितलं.

अक्का अजून नीट बोलत नाही. चैत्रात येरमाळ्याला यात्रेत भेटली होती तेव्हाही 'बरी हाईस का' एवढंच. त्या घरात मी जाते, चहा येतो, साखर बरोबर असते.

दरम्यान राष्ट्रीय पंचांच्या परीक्षेचं माझं चाललं आहे. अर्ज भरावा, असं घरातले म्हणतात. वर गेलं की प्रवास होतो, देश बघायला मिळतो, पेपरात नाव येतं. आणि मी वर लिहिलं तसं, जीवही हलका राहतो. मला जायचंही आहे. विश्वचषकाच्या मॅटवर आमच्याकडच्या पोरी पळताना बघितल्यापासून त्या मॅटच्या कडेला उभं राहावं असं वाटायला लागलं आहे, हे लपवून ठेवण्यात अर्थ नाही. फक्त परीक्षेच्या तारखा आणि तालुक्याच्या स्पर्धा एकमेकांवर येतील अशी चिन्हं आहेत.

परवा तालुक्याचे नियोजन बघणाऱ्या सरांचा फोन आला. पंच कमी आहेत, मुलींच्या सामन्यांना बाई पंच तर आणखी कमी. म्हणाले, 'मॅडम, तुमचे नातेवाईक ज्या संघात असतील ती नावं सांगा, मी तुम्हाला त्यांच्या सामन्याला टाकत नाही. मागल्या वेळेसारखं नको.'

मी एकेक शाळा मनात आणली. एकात भावाची, एकात जावेच्या बहिणीची, एकात शेजारणीची, एकात माझ्याच हाताखालून गेलेल्या चौघी.

'सर, तसा संघच नाही तालुक्यात.'

ते हसले. 'मग करू कसं?'

'टाका कुठंही.'

'बरं. आठला मैदानावर या. आणि फक्की तेवढी येताना घेऊन या, शाळेतली सगळी पावसानं भिजून दगड झालीय.'